ताटावरचा अखत्यार

एखाद्या तरुण मुलीचे किंवा मुलाचे शरीर आतून झिजू लागले असता ते सर्वांत आधी कोणाच्या नजरेस येते, हा प्रश्न वरकरणी साधा दिसला तरी त्याचे उत्तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या नकळत बदलून गेले आहे. घरची माणसे रोज पाहत असल्यामुळे त्यांना हळूहळू होणारा फरक जाणवत नाही. सैल कपड्यांआड काय चालले आहे ते शेजाऱ्यांना दिसत नाही. आणि डॉक्टरांकडे तर आपण दुखणे अंगावर काढून थकल्यावरच जातो. परंतु ज्याच्यासमोर ती व्यक्ती आठवड्यातले पाच-सहा दिवस घाम गाळते, जो तिचे वजन वहीत टिपून ठेवतो, गेल्या महिन्यात तिने सहज उचललेला भार या महिन्यात उचलताना तिचे हात कापतात हे ज्याला हातभर अंतरावरून दिसते, तो व्यायामशाळेतला शिक्षक, म्हणजे आजच्या भाषेत जिमचा ट्रेनर, हाच या झिजेचा पहिला साक्षीदार असतो. दुर्दैव असे की, पुष्कळदा तिचे पहिले अभिनंदनही तोच करतो.

आहारविकार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानसिक व्याधींनी ग्रासलेली व्यक्ती व्यायाम शिकावयास आली असता शिक्षकाने तिच्याशी वागावे कसे, याविषयी काही विचार येथे मांडावयाचे आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे की, शिष्याच्या ताटावर हुकूम चालविण्याचा जो अखत्यार आज ट्रेनरकडे आपसूक चालत आला आहे तो त्याने मोकळ्या मनाने सोडून द्यावा, आणि शिष्याच्या प्रकृतीवर नजर ठेवण्याची जी जबाबदारी जुन्या वस्तादाच्या शिरावर असे ती पुन्हा उचलावी. सध्या नेमके उलट झाले आहे. अखत्यार राहिला आणि जबाबदारी गळून पडली.

हा विषय कोल्हापूरच्या कसबा बावड्यात बसून मांडण्यास कारण आहे. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी ज्या लक्ष्मीविलास राजवाड्यात झाला तो बावड्याचाच, आणि महाराजांनी मल्लविद्येला दिलेल्या आश्रयामुळे, पेठापेठांतून भरभराटीस आलेल्या तालमींमुळे आणि 1912 साली सिद्ध झालेल्या खासबाग मैदानामुळे करवीर नगरी कुस्तीची पंढरी ठरली, हा इतिहास इथल्या शाळकरी पोरालाही मुखोद्गत असतो. शरीर कमावणे हा इथे छंद नसून संस्कार आहे. आजही पहाटे बावड्याच्या रस्त्याने निघावे तर पोलीस मुख्यालयाच्या अंगाला भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात, सोळाशे मीटरचे आणि आठशे मीटरचे हिशेब घड्याळावर मांडले जातात, न फुगवता 79 सेंटिमीटर छाती भरते की नाही याची चिंता वाहिली जाते. आणि दुकानांच्या वरच्या मजल्यांवर आरसे लावलेल्या जिमखोल्यांतून गाण्यांचा ठेका ऐकू येतो. या मापांच्या जगात वावरणाऱ्या मुलांपैकी काहींचे अन्नाशी असलेले नाते बिघडलेले असणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

आता जुन्या तालमीकडे वळतो. तिथे खुराक हा वस्तादाच्या हुकमतीचाच भाग होता. कोणी किती जोर मारावे आणि किती बैठका काढाव्यात हे जसा वस्ताद ठरवी, तसे कोणी दूध किती प्यावे, तूप किती खावे, बदाम-खसखस वाटून केलेली थंडाई कोणाला द्यावी आणि मटण कोणाच्या पचनी पडेल हेही तोच ठरवी. त्याला आहारशास्त्राची सनद नव्हती. पण एक गोष्ट त्याच्यापाशी होती, ती अशी की तो त्या पोरांबरोबर राहत असे. एकाच छपराखाली झोपणे, एकाच चुलीवर रांधणे, एकमेकांदेखत जेवणे आणि सकाळी उठून त्याच तांबड्या मातीत उतरणे असा तो क्रम असल्यामुळे, एखादा पोर दोन दिवस नीट जेवला नाही तर ते झाकून राहणे कठीण होते. या तालीमसंस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिथे मुलींना थारा नव्हता, आणि भरमसाट खाण्यालाच पराक्रम मानण्याची खोडही तिथलीच. एवढेच नोंदवावयाचे आहे की, वस्तादाचा ताटावरचा हुकूम आणि ताटासमोरची त्याची हजेरी या दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या. आजचा ट्रेनर मोबाईलवर डाएट चार्ट पाठवून देतो, तासाभराने दुसऱ्या माणसाकडे वळतो, आणि त्या चार्टाचे पुढे घरात काय होते याची त्याला वार्ताही नसते.

दुसरा बदल वजनकाट्याने घडवून आणला. मैदानी कुस्तीत जोड लावली जाते ती जाणत्यांच्या नजरेने; मॅटवरच्या कुस्तीत मात्र काटा हाच न्यायाधीश. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात, म्हणजे 52 किलोंच्या आत, खेळले आणि सहावे आले. 1952 साली हेलसिंकीत ते बँटमवेट, म्हणजे 57 किलोंच्या गटात उतरले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकल्याची हकीकत कोल्हापुरात अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगितली जावीच. परंतु पदक आले ते वरच्या वजनगटात आले, ही गोष्ट वजन उतरविण्याच्या मागे लागलेल्या आजच्या पोरांना कोणी सांगताना आढळत नाही.

पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये 2024 च्या ऑगस्टात काय घडले ते सर्वांच्या स्मरणात आहे. विनेश फोगाट 50 किलोंच्या गटात एका दिवसात तीन लढती जिंकून अंतिम फेरीत पोहोचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर 100 ग्रॅम अधिक भरल्यामुळे अपात्र ठरली. आदल्या रात्री वजन उतरविण्यासाठी तिला रात्रभर घाम गाळावा लागला, केसही कापावे लागले. तिच्यामागून दोन दिवसांनी अमन सेहरावतने सुमारे दहा तासांत 4.6 किलो वजन उतरविले आणि 57 किलोंच्या गटात कांस्यपदक मिळविले, तेव्हा आपण टाळ्या वाजविल्या. या दोघांना आहारविकार होता असे मुळीच कोणी समजू नये. ते धंदेवाईक खेळाडू होते आणि त्यांच्याभोवती डॉक्टरांचा ताफा होता. पण त्या दोन रात्रींच्या बातम्या वाचून जी पोरे गावच्या जिममध्ये प्लास्टिकचा कोट घालून ट्रेडमिलवर चढतात त्यांच्याभोवती कोणताच ताफा नसतो.

याचा परिणाम कुठवर जातो याचा दाखला अमेरिकेत आहे. तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेमतेम एका महिन्याच्या अंतराने, तीन निरनिराळ्या महाविद्यालयांतील तीन मल्ल वजन उतरविताना मृत्यू पावले. तिघांनीही पाणी तोडले होते, घाम बाहेर न जाऊ देणारे पोशाख घातले होते आणि तापविलेल्या खोलीत व्यायाम चालविला होता. तिघेही वयाच्या पंचविशीच्या आतले. त्यानंतर त्या देशाच्या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने नियमच फिरविले: असे पोशाख, वाफेच्या खोल्या आणि लघवी वाढविणारी औषधे बंद केली, वजन घेण्याची वेळ लढतीच्या अगदी लगत आणली, आणि हंगामाच्या आरंभीच शरीरातील चरबी व पाणी मोजून प्रत्येक मल्लाचे किमान वजन ठरवून दिले, ज्याच्या खाली त्याला उतरताच येऊ नये. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पोरांना उपदेश करून हा प्रश्न सुटला नाही. शिक्षकांच्या हातातून एक अखत्यार काढून घेतल्यावर तो आटोक्यात आला.

खेळाडू सोडून सामान्य माणसाकडे यावे तर चित्र अधिक अंधुक होते, कारण तिथे स्पर्धाही नसते आणि शेवटही नसतो. शाहू महाराजांच्या जन्माच्याच वर्षी, 1874 मध्ये, लंडनचे वैद्य सर विल्यम गल यांचा एक निबंध छापून आला आणि त्यात ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव पहिल्यांदा रूढ झाले. उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या तरुण मुलींचे ते वर्णन वाचताना एक निरीक्षण आजच्या व्यायामशिक्षकाने डोळ्यांपुढे ठेवावे असे आहे: इतके क्षीण झालेले शरीर इतकी हालचाल कशी करू शकते, ती मुलगी स्वस्थ कशी बसत नाही, याचे त्या वैद्याला नवल वाटले होते. दीडशे वर्षांपूर्वी जे नवल वाटले ते आज जिममध्ये सद्गुण म्हणून गणले जाते. ताप असतानाही येणारी, सुटीच्या दिवशी कुलूप पाहून कासावीस होणारी, तासाचे दोन तास करणारी शिष्या ही शिक्षकाच्या लेखी आदर्श ठरते, आणि तिचे उदाहरण इतरांना दिले जाते.

या व्याधींची रूपे एकाहून अधिक आहेत. अन्न वर्ज्य करीत जाणे हे एक. अनावर होऊन पुष्कळ खाणे व मग ओकून, रेचके घेऊन किंवा व्यायामाने त्याचे प्रायश्चित्त करणे हे दुसरे, ज्याला 1979 मध्ये जेराल्ड रसेल यांनी बुलिमिया नर्व्होसा म्हणून निराळे ओळखले. आणि प्रायश्चित्ताविना वारंवार होणारे अतिभक्षण हे तिसरे. पुरुषांत आणखी एक प्रकार आढळतो, तो अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात पुढे आणला: दंड भरलेले असताना आरशात ते काडीसारखे दिसणे, आणि त्या भ्रमापायी खाणे, व्यायाम, पावडरी आणि इंजेक्शने यांच्या फेऱ्यात सापडणे. कोल्हापुरासारख्या ठिकाणी या शेवटच्या प्रकाराकडे कोणी व्याधी म्हणून पाहीलसे वाटत नाही, कारण रुंद छातीचे वेड हे इथे वेड समजलेच जात नाही. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आहारविकार जडलेली व्यक्ती हाडकुळीच असते असे नाही. बहुसंख्य रुग्णांचे वजन बेताचे किंवा अधिकही असते, आणि त्यामुळेच ते वर्षानुवर्षे नजरेतून सुटतात.

‘मन घट्ट कर’, ‘जरा खात जा’ अशा उपदेशाचा इथे उपयोग का होत नाही, याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944 ते 1945 या काळात, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. सैन्यात जाण्यास ज्यांनी सदसद्विवेकाच्या कारणाने नकार दिला होता असे ते लोक होते. मनाने कणखर आणि शरीराने धडधाकट म्हणून पारखून घेतलेले. दिवसाला सुमारे 1,600 कॅलरींचे अन्न त्यांना मिळे, आणि आज पुष्कळ डाएट चार्टांत यापेक्षाही कमी अन्न लिहिलेले असते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. सहा महिन्यांत त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण खरा बोध वजनात नाही. ते तरुण चिडखोर आणि उदास झाले, थंडीने गारठू लागले, मित्रांपासून तुटले. पाककृतींची पुस्तके जमवून ती रात्ररात्र वाचू लागले, ताटातला घास चिवडीत तासन्‌तास बसू लागले, आणि पोटभर खाण्याची मुभा मिळाल्यावरही काहींना कुठे थांबावे हेच कळेनासे झाले. यांपैकी कोणालाही आरशाची भीती नव्हती, कोणी इन्स्टाग्राम पाहिले नव्हते. भुकेनेच त्यांची मने अशी घडविली. तेव्हा जी मुलगी आहारविकाराच्या खाईत उतरली आहे तिला निर्धार कमी पडतो असे समजणे चुकीचे आहे; निर्धार तिच्यापाशी गरजेपेक्षा जास्त असतो, आणि उपाशी मेंदू त्या निर्धाराला हवे तसे वळवीत असतो. या व्याधीत मृत्यूही येतो. सर्व मानसिक विकारांत ज्यांचे मृत्युप्रमाण सर्वाधिक आहे अशांत ॲनोरेक्सियाची गणना होते.

मग ट्रेनरने करावे काय? प्रथम पाहावयास शिकावे. दांडा धरून धरून तळहाताला घट्टे पडतात ते सर्वांच्याच परिचयाचे. पण हाताच्या पाठीवर, बोटांच्या मुळाशी जे घट्टे किंवा ओरखडे दिसतात ते घशात बोटे घालून वारंवार ओकल्याने दातांवर घासून उमटलेले असू शकतात, आणि ते टिपण्यास ट्रेनरइतक्या सोयीच्या जागी दुसरा कोणी उभा नसतो. गालांच्या मुळाशी सूज, दातांचा उडालेला तुकतुकीतपणा, भर उन्हाळ्यातही अंगावर स्वेटर, उभे राहताना येणारी भोवळ, गळणारे केस, न भरणाऱ्या दुखापती, काट्यावर दिवसातून अनेकदा चढणे किंवा काट्याचे नाव काढताच टाळाटाळ करणे, या खुणा एकेकट्या असल्या तर त्यांवरून निष्कर्ष काढू नये, एकत्र आल्या तर दुर्लक्षही करू नये. मनगटी घड्याळावर नाडीचे ठोके मिनिटाला पंचेचाळीस दिसले की ट्रेनर खूश होतो, कारण कसलेल्या धावपटूची नाडी मंद असते. पण उपाशी शरीराचीही नाडी मंदच असते, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. मुलींच्या बाबतीत मासिक पाळी थांबणे ही गंभीर खूण आहे. व्यायामाच्या मानाने अन्न कमी पडले म्हणजे पाळी, हाडांची घनता, प्रतिकारशक्ती आणि हृदय या सर्वांवर जो एकत्रित परिणाम होतो त्यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये तज्ज्ञांचे निवेदन काढले आणि पुरुष खेळाडूंनाही त्यात गणले. ‘व्यायाम वाढला की पाळी जातेच’ असे जिममध्ये सर्रास बोलले जाते. ते बोलणे बंद झाले पाहिजे.

आपल्याकडे आणखी एक पडदा आहे, तो उपासाचा. संकष्टी, एकादशी, गुरुवार, नवरात्र ही व्रते श्रद्धेने करणाऱ्यांविषयी मला काही म्हणावयाचे नाही. परंतु ज्या घरात जेवण नाकारणे हा यजमानाचा अपमान मानला जातो, तांबडा-पांढरा रस्सा पुन्हा एकदा वाढून घेतल्याशिवाय सुटका होत नाही, त्या घरात न जेवण्यास उपासाइतके सर्वमान्य निमित्त दुसरे नाही. एखादी मुलगी एकाएकी आठवड्यातले चार वार धरू लागली तर आजीला ती धार्मिक झाल्याचा आनंद होतो. ट्रेनरला तिचे वेळापत्रक ठाऊक असते. त्याने त्या आनंदात सामील होण्याची घाई करू नये.

पाहिल्यानंतर बोलावे लागते, आणि इथे पुष्कळांचे पाऊल अडखळते. रोगाचे नाव घेणे हे ट्रेनरचे काम नव्हे. ‘तुला ॲनोरेक्सिया झालाय’ असे म्हणण्याचा त्याला हक्कही नाही आणि ज्ञानही नाही. त्याने शिष्येला बाजूला, पण आडोशाला नव्हे, शांत वेळी बोलवावे, शक्यतो स्त्री-शिक्षिकेकरवी बोलावे, आणि स्वतःला दिसले तेवढेच सांगावे: ‘ताई, गेले काही दिवस व्यायामात तुम्ही फार लवकर थकता, परवा भोवळही आली. मला काळजी वाटते. तब्येत कशी आहे?’ एवढे बोलून थांबावे. समोरची व्यक्ती बहुधा हसून उडवून लावील, कदाचित रागावेल. व्याधीचाच तो भाग आहे असे समजून त्याने वादात शिरू नये, पुरावे मांडू नयेत, दार मात्र उघडे ठेवावे. ‘किती बारीक झालीस!’ हे शब्द स्तुती म्हणूनही उच्चारू नयेत आणि काळजी म्हणूनही उच्चारू नयेत, कारण दोन्ही वेळा ऐकणारीच्या कानी एकच अर्थ पोहोचतो. बरी होत असलेल्या मुलीला ‘आता जरा भरलीस, छान दिसतेस’ म्हणणे हे तर तिला महिनाभर मागे ढकलण्यासारखे आहे. शरीराच्या आकाराविषयी काहीच न बोलता व्यायाम शिकविता येतो. कालपेक्षा आज बैठक खोल बसली, पाठ सरळ राहिली, दम कमी लागला, एवढे सांगावयास पुरेसे असते.

वजन, मापे आणि आधीच्या-नंतरच्या छायाचित्रांचा कारभार अशा व्यक्तीपुरता ताबडतोब बंद व्हावा. आहाराचा तक्ता ट्रेनरने देऊच नये. 2021 साली संसदेने संमत केलेल्या सहयोगी आरोग्यव्यावसायिकांच्या कायद्यात आहारतज्ज्ञांना, त्यांतही क्रीडा-आहारतज्ज्ञांना, स्वतंत्र स्थान दिलेले आहे. ज्याचे काम त्याने करावे. उलट जिममध्ये शिकविण्यासाठी आपल्याकडे कोणत्याही सरकारी परिषदेच्या नोंदवहीत नाव असण्याची सक्ती नाही, आणि महिन्याभराच्या शिक्षणक्रमावर माणसे दुसऱ्याच्या जेवणातून तेल, मीठ, भात आणि फळे वजा करू लागतात. काल बासुंदी खाल्ली म्हणून आज दुप्पट वेळ ट्रेडमिल, हे दंडविधान तर समूळ नष्ट झाले पाहिजे. ते निरोग्याला निरर्थक आणि रोग्याला विषासमान आहे.

भोवळ, छातीत धडधड, वारंवार ओकाऱ्या, झपाट्याने घटणारे वजन यांपैकी काही दिसले तर व्यायाम त्या दिवसापुरता थांबवावा आणि डॉक्टरांचे पत्र आणल्याखेरीज पुन्हा सुरू करू नये. वारंवार ओकल्याने रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाचा ताल अकस्मात बिघडू शकतो. बाहेरून माणूस ठणठणीत दिसत असतानाच हे घडते, म्हणून ट्रेनरच्या अंदाजावर हे सोपविता येत नाही. कोल्हापुरात सी.पी.आर. रुग्णालय आहे, त्याला जोडून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी शरीराची तपासणी आणि मग मानसोपचार, हा मार्ग पैशाअभावी अडावा असे इथे नाही. मानसिक आरोग्यसेवा हा 2017 च्या कायद्याने, 29 मे 2018 पासून, प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरला आहे, हेही सांगावे.

मात्र व्यायाम थांबविणे म्हणजे माणसाला हाकलणे नव्हे. इथे मला जिमचालकांशी थोडा वाद घालावयाचा आहे. त्यांतले जे सज्जन आहेत ते अशा शिष्येला पाहून घाबरतात, उद्या आपल्या जिममध्ये काही झाले तर आपल्यावर बालंट येईल या भयाने तिचे पैसे परत करून मोकळे होतात, आणि आपण जबाबदारीने वागलो असे समजतात. ती पुढच्या चौकातल्या जिममध्ये जाते, तिथे तिला कोणी विचारीत नाही. त्याऐवजी तिला सांगावे की तुझी जागा राखून ठेवली आहे, डॉक्टरांनी होकार दिला की ये, तोवर पाहिजे तर येऊन बस, संपर्क ठेव. डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि ट्रेनर यांच्यात तिच्या संमतीने पत्रव्यवहार असावा, आणि ती परतल्यावर किती, कोणता आणि आठवड्यातून किती वेळा व्यायाम करावा हे डॉक्टरांनी ठरवावे, ट्रेनरने ते कसोशीने पाळावे. कॅलरी दाखविणारी यंत्रे तिच्यापासून दूर ठेवावीत. हलक्या वजनाचा, सावकाश वाढत जाणारा, ताकदीकडे लक्ष वेधणारा व्यायाम योग्य देखरेखीखाली उपकारकही ठरू शकतो. शरीर हे शिक्षा भोगण्याचे ठिकाण नसून उपयोगाची वस्तू आहे, हा अनुभव देणे कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञापेक्षा व्यायामशिक्षकाला अधिक साधते.

गुप्ततेचा प्रश्न कठीण आहे. प्रौढ व्यक्तीच्या संमतीवाचून घरी कळवू नये, प्राणावर बेतले तरच अपवाद करावा. अठराच्या आतील मुलामुलींच्या पालकांना कळविलेच पाहिजे, पण आधी त्या मुलाला सांगून, आणि शक्य तर त्याला सोबत घेऊन. आपल्या घरांत ही बातमी गेली की दोन गोष्टी होतात: एकतर पोरीला समोर बसवून बळजबरीने जेववितात, किंवा ‘लग्नाच्या वयाची मुलगी, वेड लागल्याचा बोभाटा नको’ म्हणून सारे दडपतात. ज्याने कळविले त्याने ही शक्यता गृहीत धरून एखाद्या डॉक्टरांचे नाव हाताशी ठेवूनच तोंड उघडावे. इतर सभासदांत चर्चा करणाऱ्या ट्रेनरला तर त्या पेशात राहण्याचा अधिकार नाही.

आणि ट्रेनरचे स्वतःचे काय? त्याची पोटाची घडी हीच त्याची जाहिरात असते, स्पर्धेच्या आधी आठ-आठ दिवस तो मीठ व पाणी तोडतो, त्या छायाचित्रावर वर्षभराची गिऱ्हाइकी चालते. या व्याधीचे रुग्ण पायरीच्या त्या बाजूलाही आहेत, हे बोलले जात नाही. ज्याला स्वतःच्या ताटापुढे शांतपणे बसता येत नाही त्याने दुसऱ्याला पाहून घाबरणे स्वाभाविक आहे. त्याला दोष देण्याऐवजी त्यालाही तोच दरवाजा दाखवावा.

शासनाच्या क्रीडा विभागाकडून व्यायामशाळांना विकासासाठी अनुदान मिळते आणि त्याचे कागद जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या दप्तरातून फिरतात. यंत्रे किती घेतली याच्या पावत्या तिथे बारकाईने तपासल्या जातात. शिकविणाऱ्याने आहारविकारांची तोंडओळख करून घेतली आहे काय, प्रथमोपचार येतात काय, डॉक्टरांशी संधान बांधले आहे काय, या तीन बाबींची अट त्या अनुदानाला जोडण्यास कसल्याही नव्या कायद्याची गरज नाही, एका परिपत्रकाने ते काम होईल. महापालिकेने आपल्या व्यायामशाळांपासून आरंभ करावा. तालीम संघांनी वजनगटाच्या स्पर्धांत किमान वजन ठरवून देण्याचा अमेरिकन शिरस्ता कुमारगटापासून उचलावा. कोल्हापुराने तो उचलला तर बाकीचा महाराष्ट्र मागे राहणार नाही, एवढा या मातीचा दरारा अजून शिल्लक आहे.

बावड्यातील, आणि बावड्याबाहेरील, जिमचालकांना एक विनंती आहे. वजनकाटा भर दालनातून उचलून आतल्या खोलीत ठेवा, आणि तो जिथे होता त्या भिंतीवर केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून लावा. हा दूरध्वनी विनामूल्य आहे, अहोरात्र चालू असतो, आणि त्यावर मराठीतून बोलता येते.